वाऱ्याची हमाली

पायाखाली फळी, कमरेला पट्टा आणि त्या पट्ट्याला वीस-पंचवीस मीटर दोऱ्यांनी बांधलेला नऊ ते बारा चौरस मीटरचा पतंग, अशा अवस्थेत समुद्रावरून घसरत जाण्यासाठी माणसं हल्ली रजा काढतात. ज्यांना पतंग झेपत नाही ती फळीवरच डोलकाठी रोवून शीड हातात धरतात. शीडवाल्या प्रकाराला विंडसर्फिंग म्हणतात आणि पतंगवाल्याला काइटसर्फिंग. दोन्ही खेळ आता चांगले प्रतिष्ठित आहेत. विंडसर्फिंग १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि पतंग २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. (पॅरिसला समुद्र नाही म्हणून शर्यती मार्सेयला घेतल्या, समुद्र नसणं ही एवढी मोठी अडचण नसते, हे महाडकरांनी लक्षात ठेवावं.) या मंडळींच्या सुट्टीचा नकाशा ठरलेला असतो. स्पेनचं तारिफा, पश्चिम सहारातलं दाखला, ब्राझीलचं जेरिकोआकोआरा, व्हिएतनामचं मुई ने, श्रीलंकेचं कल्पिटिया, आणि आपल्याकडे रामेश्वरम-तुतिकोरिनचा टापू. रायगड जिल्ह्यातल्या महाड आणि पोलादपूर या तालुक्यांचं नाव या नकाशात नाही. महाड गावापासून उघडा समुद्र सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर आणि पोलादपूरपासून त्याहून जास्त, तेव्हा ते असावं अशी अपेक्षाही कुणी केलेली नाही. माझं म्हणणं असं, की ते असायला हवं. निदान आभारप्रदर्शनात तरी. मोसमी वाऱ्यावर चालणाऱ्या सगळ्या पतंगबाजीच्या मागं कुणीतरी त्या वाऱ्याच्या पाठीवरचं ओझं उतरवून ठेवलेलं असतं, आणि हे काम बिनपगारी करणाऱ्यांत या दोन तालुक्यांची ज्येष्ठता कुणी नाकारू शकणार नाही.

वरची यादी जरा कोरड्या नजरेनं वाचून पाहावी. कोरड्याच नजरेनं, कारण तिच्यातली बहुतेक गावं कोरडी आहेत. दाखलाच्या एका बाजूला अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूला साक्षात सहारा. जेरिकोआकोआरा वाळूच्या टेकड्यांत वसलेलं. मुई ने हा व्हिएतनामसारख्या भिजक्या देशातला अगदी रखरखीत किनारा. तिथंही पाहण्यासारखं म्हणजे वाळूच्या टेकड्याच. कल्पिटिया श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यात मोडतं. तुतिकोरिन तर मिठागरांसाठी प्रसिद्ध. मीठ पिकवायला भरपूर ऊन, भरपूर वारा आणि पावसाची गैरहजेरी लागते, आणि पतंगवाल्यांच्या मागण्याही अक्षरशः त्याच तीन आहेत. तारिफा या बाबतीत थोडं सभ्य आहे, पण तिथला पूर्वेकडून येणारा लेवान्ते दिवसच्या दिवस असा घोंघावतो, की त्यानं माणसं खुळावतात अशी तिथल्या लोकांची जुनी समजूत आहे. अशा गावात पर्यटनाचा दुसरा मार्ग उरत नाही. भातशेती नाही, छपरावर शेवाळ नाही. वारा आहे, तो दिवसभर रिकामा आहे, आणि रिकाम्या वाऱ्याला कुणीतरी खेळायला घेतलं इतकंच. वारा जिथं बेकार, तिथं पर्यटन साकार, असं घोषवाक्य पर्यटन खात्याला मी विनामूल्य देऊ शकतो. ते कोकणात चालणार नाही, ही एकच अडचण आहे. कोकणातला वारा बेकार नाही. तो कामावर येतो.

कुठून येतो ते पाहा. उन्हाळ्याच्या अखेरीस दक्षिण गोलार्धातून निघालेला वारा विषुववृत्त ओलांडतो, आफ्रिकेच्या डोंगरांना घासून उजवीकडे वळतो आणि सोमालियाच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रावर सुटतो. सुमारे दीड किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या या झोताचा छडा फिंडलेटर नावाच्या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात लावला, म्हणून त्याला फिंडलेटर झोतही म्हणतात. या झोताच्या वाटेला लागूनच ओमानचं मसिरा बेट आहे. तिथं जून ते ऑगस्ट हा ऐन हंगाम असतो. आखाती देशांतले पतंगवाले तंबू ठोकून पडलेले असतात, कारण वारा सणसणीत आणि आभाळ कोरडं. पुढं हाच प्रवाह अरबी समुद्रावरून येताना पाण्याचा माल चढवत चढवत येतो. कोकणच्या किनाऱ्याला लागतो तेव्हा तो इतका लादलेला असतो, की समोर सह्याद्रीची भिंत दिसताच त्याला ओझं टाकल्याशिवाय वर चढताच येत नाही. चढताना हवा थंड होते, वाफेचं पाणी होतं, आणि माल उतरू लागतो. महाड-पोलादपूरला चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या पुढं, वर महाबळेश्वरला सहा हजारांच्या घरात. घाटमाथा ओलांडून तोच वारा वाईला पोचतो तेव्हा तिथं वर्षाला हजार मिलिमीटरही पडत नाहीत, आणि माण-खटावात तर ढग नुसते हजेरी लावून जातात. म्हणजे मसिऱ्याला माल भरण्याआधीचा वारा आणि साताऱ्याच्या पठारावर माल उतरल्यानंतरचा. दोघांनाही मौज आहे. मधल्या गोदीत, पाठ वाकवून, महाड आणि पोलादपूर.

माल उतरवून हलका झालेला हा वारा वर काय करतो? पैसे मिळवतो. सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्यांची जी जत्रा भरली आहे ती एके काळी आशियातल्या मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांत गणली जायची, आणि तिचा कमाईचा हंगाम म्हणजे हाच, मे ते सप्टेंबरचा. आंबेनळी घाटाच्या खाली जो वारा कौलं हलवतो आणि भात आडवं करतो, तोच त्याच घाटमाथ्याच्या रांगेवर युनिटच्या भावानं विकला जातो. यावर सातारकर म्हणतील, आमच्या महाबळेश्वरात पाऊस तुमच्यापेक्षा दुप्पट पडतो, मग हमाल तुम्ही कसे? आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांतल्या कृष्णा, वेण्णा, कोयना पूर्वेकडच्या उतारानं निघतात, धरणांतून आणि कालव्यांतून शहाण्यासारख्या वागत आंध्रापर्यंत जातात. पश्चिमेला उतरते ती सावित्री. ती हजारभर मीटर उंचीवरून काही कोसांत पोलादपूरला येते आणि तिथून महाडला जाते, तिथं तिला गांधारी मिळते. त्यातच समुद्राला उधाणाची भरती असली तर पुढं जायला वाट उरत नाही आणि पाणी बाजारपेठेत शिरतं. जुलै २०२१ मध्ये ते किती शिरलं हे महाडला विचारण्याची गरज नाही. तिथं विनोद थांबतो. म्हणजे वर उतरवलेलं ओझंही शेवटी आमच्याच अंगणात येऊन पडतं. बाकी ओझ्याचं शास्त्र सातारकरांना मी काय शिकवणार? मुंबईच्या बाजारांतल्या माथाडींत जावळी-पाटणचीच माणसं जास्त, आणि त्या चळवळीचे नेते अण्णासाहेब पाटीलही पाटण तालुक्यातले. माथाडींसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून कायदा आहे; वाऱ्याचा माल उतरवणाऱ्या तालुक्यांसाठी अजून एक परिपत्रकही निघालेलं नाही.

वाऱ्याच्या या व्यवहारातला सर्वांत उघड पुरावा महाबळेश्वरच्या आर्थर सीटवर रोज पाहायला मिळतो. तिथं कठड्याशी उभं राहून पर्यटक बाटलीचं झाकण किंवा एखादी हलकी वस्तू सावित्रीच्या दरीत टाकतात आणि ती वाऱ्यानं वर उचलली गेली की टाळ्या वाजवतात. हा चमत्कार महाबळेश्वरच्या नावावर जमा आहे. गाइड तो दाखवतात, पर्यटक त्यासाठी घाट चढून येतात, खाली उतरताना स्ट्रॉबेरी आणि मध घेतात. पण झाकण वर फेकणारा वारा महाबळेश्वरचा नाहीच. तो दरीतून वर येतो, आणि ती दरी पोलादपूर तालुक्याची. उत्पादन पोलादपूरचं, विक्री महाबळेश्वरची, अशी ही सरळ व्यवस्था आहे, आणि जी झाकणं परत येत नाहीत तेवढी पोलादपूरच्या खात्यावर जमा होतात.

हवामानशास्त्राचा एखादा विद्यार्थी इथं हात वर करील. तो म्हणेल, रामेश्वरमचा वारा काही पोलादपूरवरून जात नाही. तो केरळच्या डोंगरांच्या फटींतून आणि कन्याकुमारीला वळसा घालून तिकडं पोचतो. बरोबर आहे. तिकडची हमाली केरळ करतं. पश्चिम घाटाच्या या बाजूला जेवढे म्हणून भिजणारे तालुके आहेत ते एकाच धंद्यातले, आणि मी संघटनेच्या वतीनं बोलतो आहे. एका गोदीतला मुकादम दुसऱ्या गोदीतल्या मालाबद्दल बोलू शकत नाही असा नियम निदान कामगार चळवळीत तरी नाही.

यापेक्षा गंभीर आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. तो म्हणेल, वाऱ्यावर माल लादलेला असला म्हणून काय झालं? वारा तर आहे ना. पतंगाला बारा सागरी मैलांच्या वर वेग लागतो, म्हणजे ताशी बावीस-तेवीस किलोमीटर. जुलैत किनाऱ्यावर त्याहून कितीतरी अधिक असतो. भिजायला हरकत नसेल तर खेळायला काय हरकत? हरकत अशी, की लादलेला वारा सरळ चालत नाही. पावसाची सर येते त्याच्या पुढं एक झोडप येते. मिनिटात वेग दुप्पट होतो आणि सर गेली की वारा मेल्यासारखा पडतो. पहिल्या अवस्थेत पतंगवाला सुरूच्या बनात जाऊन अडकतो आणि दुसऱ्या अवस्थेत पतंग त्याच्या डोक्यावर पडतो. शिवाय सरकारनं या प्रश्नाचा निकाल आधीच लावला आहे. २६ मे ते ३१ ऑगस्ट किनाऱ्यावरची प्रवासी वाहतूक आणि जलक्रीडा बंद, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ज्या तीन महिन्यांत वारा खराखुरा असतो त्याच तीन महिन्यांत समुद्र मिटलेला असतो, आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून माणसं त्याला उघडण्याची विनंती करतात. कोकणात वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं आहेत, नाही असं नाही. कोकण रेल्वेनं ती रत्नागिरीजवळच्या पानवलच्या उंच पुलावर आणि मांडवी, जुआरी, शरावती या नद्यांवरच्या पुलांवर बसवली आहेत. आकडा वाढला की गाडी थांबवायची. दाखलात आकडा वाढला की माणसं घराबाहेर पडतात. ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात निसर्ग चक्रीवादळ ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वेगानं आलं, तेव्हा रायगड जिल्ह्यात जे काही हवेत उडालं त्यात पत्रे होते, सुपारीच्या बागा होत्या, विजेचे खांब होते. ज्या जिल्ह्यानं आपलं छप्पर शेजारच्या वाडीत शोधलं आहे, त्याला वाऱ्याकडं करमणूक म्हणून पाहा असं सांगायला जरा धीर लागतो.

मग हिवाळा-उन्हाळा? तेव्हा तर वारा रिकामा असतो. असतो, पण तेव्हा तो अंगचोर असतो. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवतात ते हेच. पहाटे जमिनीकडून समुद्राकडं वाहणारा मतलई. त्यावर पतंग उघडला तर जायची दिशा मस्कतची, आणि परतीची सोय आपली आपण. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वायव्येचा खारा वारा सुरू होतो, मार्च-एप्रिलला त्यात बऱ्यापैकी जोम येतो, आणि याच वाऱ्यावर गोव्यात मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंग चालतं. गोव्यानं तर केट्या आणि डेन कोएल्हो या भावंडांसारखे विंडसर्फिंगपटू दिले. तेव्हा गोवा करू शकतो ते दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळास का करू शकत नाहीत, असा प्रश्न रास्त आहे. एक उत्तर कासवांकडं आहे. ऑलिव्ह रिडले माद्या वेळास-हरिहरेश्वरला अंडी घालतात आणि पिल्लं समुद्राकडं निघतात ती साधारण याच वाऱ्याच्या हंगामात. किनारा त्यांनी आधी आरक्षित केलेला आहे. दुसरं उत्तर वेळापत्रकाचं. हा वारा दुपारी दोनच्या सुमाराला सुरू होतो आणि पाचपर्यंत टिकतो. मासे-भात आणि सोलकढीनंतर कोकणातला माणूस त्या वेळेत काय करतो हे जगजाहीर आहे, आणि त्याची झोपच मुळी त्या वाऱ्यावर चालते. वाऱ्याला आधीच एक काम दिलेलं असताना दुसरं देणं कामगार कायद्यात बसत नाही.

आणि हा दुपारचा वारा महाडला पोचेपर्यंत त्याची काय अवस्था होते? चाळीस किलोमीटर तापलेल्या कातळावरून चालत आलेला. महाडला त्याला झुळूक म्हणतात आणि आली तर उपकार मानतात. पण वारा सोडा, पाणी तरी आहे का? आहे. सावित्रीची खाडी बाणकोटपासून आत दासगावच्या पुढं येते, आणि महाड एके काळी जलमार्गानं जोडलेलं व्यापारी गाव होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीनं हरिहरेश्वरला, तिथून खाडीनं दासगाव बंदराला आले आणि पुढचे पाच मैल चालत महाडला पोचले. तेव्हा महाडला समुद्र नाही हे विधान जरा घाईचं आहे; समुद्र भरतीला भेटून जातो. शिवाय देशाचा किनारा अलीकडे नव्यानं मोजला, तर ७,५१६ किलोमीटरचा ११,०९८ किलोमीटर निघाला. समुद्र एक इंचही सरकला नव्हता. फक्त वळणं, खाड्या, बेटं बारकाईनं मोजली. ही मोजणी अशीच बारीक होत गेली तर किनारा एक दिवस दासगावच्या धक्क्यावरून महाडच्या एसटी स्थानकापर्यंत यायला हरकत नाही. राहिला प्रश्न सावित्रीतल्या मगरींचा. महाडजवळच्या पात्रात त्या उन्हं खात पडलेल्या दिसतात, लोकांना त्याची सवय आहे. पण विंडसर्फिंग शिकणारा पहिला आठवडाभर दर दोन मिनिटांनी पाण्यात पडतो, आणि हे प्रशिक्षण आहे, जेवणाचं आमंत्रण नव्हे, हे मगरींना समजावण्याची सोय कुठल्याही साहसी पर्यटन धोरणात केलेली नाही.

जाणकार आता आपलं शेवटचं अस्त्र काढतील: हूड रिव्हर. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी, समुद्रापासून दीडशे किलोमीटरच्या पलीकडं हे गाव आहे. लाकडाच्या गिरण्यांचा धंदा बसला, गाव ओस पडायला लागलं, आणि १९८० च्या दशकात शिडंवाले येऊन थडकले. आज ते गाव स्वतःला विंडसर्फिंगची राजधानी म्हणवून घेतं. नदी, डोंगर, आतलं गाव, समुद्राकडून येणारा वारा. महाडकडं यातलं काय नाही? एकच गोष्ट नाही, ती म्हणजे भोक. कोलंबिया नदीनं कॅस्केड डोंगररांग आरपार कापली आहे. पलीकडचा तापलेला प्रदेश पॅसिफिकची थंड हवा त्या चिरेतून ओढून घेतो, आणि नदीचा प्रवाह पश्चिमेला, वारा पूर्वेला, म्हणून शिडंवाला दोन्हींच्या ओढाताणीत जागच्या जागी खेळत राहतो. सावित्री सह्याद्री कापत नाही. ती त्याच्या माथ्यावरच जन्मते. पोलादपूरला पोचलेल्या वाऱ्यापुढं भिंत आहे, आणि भिंतीपलीकडं जायला वरून जाण्याखेरीज इलाज नाही. इथं आंबेनळी, पार, वरंध असे घाट आहेत, पण ते माणसांसाठी. आणि त्यातल्या वरंधसारख्या घाटाला तर दरडींमुळं पावसाळ्यात माणसांनाही अनेकदा मज्जाव असतो. वाऱ्यासाठी बोगदा काढावा, अशी सूचना कुणी केली तर ती मी हसण्यावारी नेणार नाही. पण २०११ पासून रुंद होत असलेला मुंबई-गोवा महामार्ग आधी पुरा होऊ द्यावा एवढंच म्हणेन.

महाड तालुक्याला या खेळाची परंपरा नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. रायगडावरच्या टकमक टोकाची एक कथा सांगतात. (त्या टोकाचा दुसरा उपयोग सर्वांना माहीत आहे, तो साहसी पर्यटनात मोडत नाही.) शिवाजी महाराज टोकाची पाहणी करत असताना मागं छत्र धरून उभा असलेला सेवक वाऱ्याच्या झोतानं छत्रीसकट उचलला गेला, त्यानं छत्री सोडली नाही, आणि तो अलगद खालच्या निजामपूर गावी सुखरूप उतरला, तेव्हापासून ते गाव छत्री निजामपूर. कथा आहे, इतिहास नव्हे, पण क्रीडासमीक्षकाच्या दृष्टीनं तिच्यातला प्रत्येक तपशील चोख आहे. दरीकडून येणारा वारा, वर उचलणारं कापड, हात न सोडण्याची शिस्त, उतरण्याची मोकळी जागा. फ्रान्समध्ये लगेनू बंधूंनी हवेनं फुगणाऱ्या पतंगाचं पेटंट घेतलं ते १९८४ ला. केपटाउनच्या किनाऱ्यावर आज पतंगवाले उंच उडीच्या स्पर्धा खेळतात आणि वीस-तीस मीटरच्या उडीवर टाळ्या घेतात. आमच्या कथेतला गडी अख्खा कडा उतरला, तोही कामाच्या वेळेत. फरक एवढाच, की आपल्याकडं त्याचा खेळ झाला नाही. त्या सेवकानं खाली उतरल्यावर बहुधा छत्री झटकली असेल आणि गड पुन्हा चढायला घेतला असेल, कारण ड्यूटी संपलेली नव्हती. जिथं वारा कामावर येतो तिथली माणसंही वाऱ्याकडं कामाचाच भाग म्हणून पाहतात.

आणि समुद्र नसला तरी पदक मिळवता येतं, हे भोपाळनं दाखवून दिलं आहे. मध्य प्रदेशाला समुद्राचा एक थेंब नाही. तरी देवासची नेहा ठाकूर भोपाळच्या तलावात शिडाची होडी शिकली आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आली. त्याच स्पर्धेत इबाद अलीनं विंडसर्फिंगचं कांस्य जिंकलं. तेव्हा महाडची मुलं हे खेळ खेळूच शकणार नाहीत असं मी म्हणत नाही. जरूर खेळावेत, भोपाळला जाऊन किंवा गोव्याला. तालुक्यानं स्वतः मात्र वाऱ्याच्या सुट्टीचं ठिकाण होण्याच्या नादी लागू नये. कोकणचा एखादा तालुका पतंगाच्या नकाशावर चढायचा असेल, तर आधी त्याचा पाऊस जायला हवा, मग भात, मग सुपारी, मग छपरावरचं शेवाळ. शेवटी वाळूच्या टेकड्या उरतील आणि मग पतंगवाले येतील. त्या दिवसाची घाई असण्याचं काही कारण दिसत नाही.

प्रश्न उरतो तो मोबदल्याचा. जकात असती तर सोपं होतं. आंबेनळी घाटाच्या तोंडाशी नाका टाकला असता, माल उतरवून वर निघालेल्या वाऱ्याकडून उतराईची पावती फाडली असती, आणि सातारच्या पवनचक्क्यांनी ती मुकाट्यानं भरली असती. पण जकात गेली आणि जीएसटी आला, आणि जीएसटी हा माल जिथं खपतो तिथं लागणारा कर आहे. वारा वनकुसवड्याला खपतो, मोरजीला खपतो, रामेश्वरमला खपतो. म्हणजे महसूल त्या त्या ठिकाणचा. पोलादपूरच्या पदरी राहतं ते उतरवून घेतलेलं पाणी, आणि पाणी बाटलीत भरलेलं नसेल तर त्यावर शून्य टक्के कर. बाटलीत भरलेल्या पाण्यावर तो लागतो, पण ती बाटली महाबळेश्वरला विकली जाते, आणि पाणी पिऊन झालं की तिचं झाकण दरीत टाकून ते परत वर येतं का, हे लोक पाहत उभे राहतात.